कातरवडीचं पान

वत्सला मॅडम चिडल्या की त्यांच्या बोलण्यातला ‘आहे’ जाऊन ‘हाय’ यायचा. एरवी त्या वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेल्या बाईसारखं नीटनेटकं बोलायच्या, शेवटचं अक्षर न गिळता. पण कुणी न विचारता फाइल बदलली, किंवा चहाचा कप कीबोर्डशेजारी ठेवला, की खोलीत एकदम भीमाकाठ उतरायचा. “कुणी हात लावला हितं? विचारायची पद्धत हाय का न्हाय?” आम्ही मुंड्या खाली घालून बसायचो. पाचेक मिनिटं गेली की त्याच मॅडम म्हणायच्या, “दिलीप, तुम्ही जेवलात का? चेहरा उतरलाय तुमचा.”

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बारामतीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या संगणक केंद्रात मी नुकतीच लागले होते. संस्थेच्या चेअरमन साहेबांनी एक नवंच काम काढलं होतं: इंदापूर तालुक्याची वेबसाइट. तालुक्यातल्या प्रत्येक गावाचं एक पान, म्हणजे नोकरीसाठी दूर गेलेल्या माणसाला तिथं बसून आपलं गाव बघता येईल. वेबसाइट म्हणजे काय हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांनी ती पुण्यात एकदा पाहिलेली होती. तारेनं एकमेकांना जोडलेले तीन संगणक होते. एक फोनची लाइन होती, ती इंटरनेटला लागताना शिंक अडकल्यासारखा आवाज करायची. आणि चौथा संगणक इंदापुरात, एका शाळेत, बागवान सरांच्या ताब्यात.

या सगळ्याच्या प्रमुख होत्या वत्सला मॅडम. त्याआधी त्या मराठी टायपिंगचा क्लास चालवायच्या. त्यामुळं संगणकाच्या हलक्या बटणांवरही त्यांची बोटं टाइपरायटरवर पडावीत तशी पडायची. डोळे मिटूनही कळायचं की मॅडम लिहितायत. उंच, किडकिडीत, सुती साडी, आणि केसांचा असा घट्ट अंबाडा की वाऱ्याला तिथं काही कामच नसे. लग्न केलेलं नव्हतं. वालचंदनगरला भावाच्या क्वार्टरमध्ये राहायच्या आणि रोज एसटीनं बारामतीला यायच्या. एकदा हिशेब विभागातल्या बाईंनी फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “जमलं नाही हो. साचा जुळला नाही.” आणि स्वतःच खळखळून हसल्या.

साचा हा त्यांचा शब्द. टेम्प्लेट म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. प्रत्येक गावाचं पान एकाच साच्यावर बसवलेलं होतं. वर गावाच्या नावाची पट्टी, डाव्या हाताला इतर गावांकडं जायचे दुवे, मधे ठरलेले रकाने: लोकसंख्या, बाजारवार, शाळा, ग्रामदैवत, एसटीच्या वेळा. हा साचा एका फाइलीत असायचा आणि त्यात काही बदललं की सगळ्या गावांच्या पानांवर बदलायचं. मी कामावर आले त्या दिवशी त्यांनी मला ते असं समजावलं होतं: “गणपतीचा साचा बघितलायस ना? एका मूर्तीचं नाक मोडलं तर ती एक मूर्ती गेली. साच्याचंच नाक मोडलं तर त्या वर्षी गावातले सगळे गणपती नकटे.”

आणि नाक मोडलंच. बागवान सर तेव्हा दोन दिवसांसाठी इंदापुराहून बारामतीला आले होते. निमगाव केतकीच्या पानावर नावाचं शुद्धलेखन चुकलं होतं, ते दुरुस्त करायला बसले आणि पानाऐवजी चुकून साचाच उघडून त्यात नाव लिहून बसले. त्याच वेळी शेजारच्या संगणकावर आमच्या केंद्रातल्या दिलीपनं तोच साचा उघडलेला. त्याची सकाळपासूनची सगळी रंगसंगती त्यात. त्यानं आपलं काम साठवलं, सरांनी त्यावर आपलं साठवलं. दिलीपची मेहनत पुसली गेली आणि तालुक्यातली सगळी गावं निमगाव केतकी झाली.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी, सरपंच मंडळी आपापलं गाव बघायला आली तेव्हा. भिगवणकडचे एक तालेवार गृहस्थ खुर्ची पुढं ओढून बसले, चष्मा लावला, बराच वेळ पडद्याकडं पाहत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, आमचं गाव कवा निमगाव केतकीत गेलं? ठराव झाला का काय?”

दुसरे म्हणाले, “तुमचंच न्हाय, आमचं बी गेलंय.”

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. दिलीप सरांवर फणकारला, सर दिलीपवर. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या त्या पिशवीतून एक लाटणं घेऊन. घरातलं, वापरून गुळगुळीत झालेलं सागवानी लाटणं. ते त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवलं.

“माझे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, रूळ बदलून देणारे,” त्या म्हणाल्या. “रूळ एकेरी. दोन्हीकडून गाड्या. मग समोरासमोर येऊ नयेत म्हणून काय करायचे? स्टेशनातून ड्रायव्हरला एक गोळा द्यायचे, वेताच्या कड्यात घातलेला. गोळा हातात असला तरच गाडी पुढं काढायची. गोळा एकच, त्यामुळं गाडी एकच. आजपासून आपला गोळा हा. ज्याच्या टेबलावर लाटणं, त्यानंच साच्याला हात लावायचा. काम झालं की परत मधे ठेवायचं.”

“आणि मी?” परत गेलेल्या बागवान सरांनी हे ऐकून फोनवर विचारलं. “मी इंदापुरात.”

“तुम्ही फोन करायचा.”

तेव्हापासून इंदापूरच्या एसटीडी बूथवरून सरांचा फोन यायचा. “मॅडम, लाटणं मोकळं आहे का?” मॅडम टेबलाकडं बघायच्या आणि गंभीरपणानं सांगायच्या, “दिलीपकडं आहे. थोड्या वेळानं करा.” बूथवाल्यानं एकदा सरांना विचारलं म्हणे, घरी एवढे पाहुणे आहेत तर दुसरं एक लाटणं का घेत नाही.

दर गुरुवारी मॅडम स्वतः इंदापूरला जायच्या. जाताना आमच्या फ्लॉप्या आणि येताना सरांच्या, पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात, खाली-वर रुमाल घालून. डबा मांडीवरून हलायचा नाही. रस्त्यात एसटी खड्ड्यातून गेली की डबा त्या दोन्ही हातांनी वर उचलून धरायच्या, जसं एखादी बाई झोपलेलं मूल धरते. मी एकदा बरोबर होते. कंडक्टर म्हणाला, “काय आणलंय एवढं जपून, मावशी?” मॅडम म्हणाल्या, “गावं.” तो पुढं गेला. मला वाटलं, गंमत केली. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या आणि गंमत केल्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता.

त्या कुठल्या, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. वालचंदनगरच्या, असंच आम्ही धरून चाललो होतो. ते कळलं नकाशामुळं. साइटच्या पहिल्या पानावर तालुक्याचा नकाशा हवा होता. दिलीप तो पडद्यावर काढत होता. रस्ते झाले, गावांचे ठिपके झाले, भीमेचा काठ झाला. मग उजनी धरणाच्या फुगवट्याचा भाग राहिला. त्यानं रंगाच्या बादलीचं चित्र निवडलं, आत टिचकी मारली आणि सगळा भाग क्षणात निळा झाला.

मॅडम मागं उभ्या होत्या. “सावकाश,” त्या म्हणाल्या. “तितं आमचं घर हाय.”

त्या चिडलेल्या नव्हत्या, तरी ‘हाय’ आलं होतं. दिलीपनं मागं वळून पाहिलं. तोवर त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या बोटांचा आवाज सुरू झाला होता.

नंतर बागवान सरांकडून कळलं. त्यांचं गाव कातरवडी. भिगवणच्या बाजूला, नदीच्या अगदी काठावर. धरण झालं, पाणी चढलं, गाव उठलं. माणसं चार ठिकाणी वाटली गेली. मॅडम लहानपणापासून शिकायला वालचंदनगरला मामांकडं, सुट्टीत तेवढ्या गावी यायच्या. शेवटच्या सुट्टीत त्या आल्या त्या घराची कौलं उतरवायला.

“त्याचं पान करायला पाहिजे,” सर म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, “यादीत नाही.”

गावांची यादी सरकारी होती आणि मॅडमना यादी म्हणजे यादी. सर ऐकेनात. पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच विषय काढला. चेअरमन साहेब चांगल्या मनाचे, पण विनोदाची हौस. ते म्हणाले, “सर, पाण्याखालच्या गावाची लोकसंख्या काय टाकणार? मासे?”

खोलीभर हशा झाला. मॅडमही ओठ दाबून हसल्या. मग हसू ओसरल्यावर त्या उभ्या राहिल्या. बैठकीत त्या कधी उभ्या राहत नसत.

“साहेब, लोकसंख्या हाय की,” त्या म्हणाल्या. “नुसता पत्ता बदललाय.”

साहेबांनी हातातला पेन खाली ठेवला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. साहेब म्हणाले, “करा मॅडम. मी बोललो ते विसरा.”

दिलीपची त्या दिवसापासून सरांविषयी तक्रार राहिली नाही, उलट त्याच्या अंगात आलं. कातरवडीसाठी तो वेगळंच पान करणार होता. काळी पार्श्वभूमी, हलणाऱ्या लाटा, मधे एक पणती. दोन दिवस खपून त्यानं नमुना केला आणि मोठ्या आशेनं मॅडमना दाखवला. मॅडमनी तो शेवटपर्यंत नीट पाहिला.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या. “पण नको.”

“का मॅडम? वेगळं गाव आहे, वेगळा साचा पाहिजे.”

“वेगळा साचा म्हणजे श्राद्धाचं ताट, दिलीप. कोपऱ्यात, एकट्याचं. आमाला पंगतीत बसवा.”

दिलीपनं पणती पुसून टाकली.

मग मॅडम साच्यातला एकेक रकाना भरू लागल्या. तेच रकाने जे भिगवणला होते, निमगाव केतकीला होते. बाजारवार: मंगळवार. शाळा: चौथीपर्यंत. एसटीच्या वेळा इथं त्या थांबल्या. कातरवडीला एसटी कधी आलीच नव्हती, लोक पायी भिगवणला जायचे. मी म्हटलं, रिकामं सोडा. त्या म्हणाल्या, रिकामं दिसलं तर वाटेल आम्हाला ठाऊक नाही. त्यांनी लिहिलं: ‘एसटी नाही. चालत.’ कुठंही ‘होतं’ नाही, ‘असे’ नाही. सगळ्या गावांसारखं, आत्ता चालू असल्यासारखं.

पण त्यांना गाव सुट्टीपुरतंच माहीत. म्हणून बागवान सरांनी पानाच्या छापील प्रती काढल्या आणि उठून गेलेली माणसं जिथं जिथं होती तिथं पाठवल्या. आणि मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. प्रती परत यायच्या त्या खाडाखोडीनं भरून. एकानं तालीम शाळेच्या उजवीकडं लिहिली, दुसऱ्यानं ती खोडून डावीकडं. कुणी ग्रामदैवताचं नाव दुरुस्त केलं, तर कुणी ती दुरुस्ती दुरुस्त केली. मॅडम रोज लाटणं आपल्या टेबलावर घेऊन बसायच्या. कुणाचं ठेवायचं, कुणाचं काढायचं, यात त्यांचा जीव अडकायचा. “सगळेच खरं सांगतायत गं,” त्या मला म्हणाल्या. “नदीकडून येणाऱ्याला तालीम उजवीकडं लागणार. रानातून येणाऱ्याला डावीकडं.” शेवटी त्यांनी दोन्ही लिहिलं.

पुढं माणसंच येऊ लागली. एका दुपारी सखाराम तात्या आले. हे जुने धनगर, तरुणपणी मेंढरं राखलेली, आता पोरांबरोबर ऊस करत होते. डोक्याला पांढरा पटका, हातात काठी. वहाणा दाराबाहेर काढून आत आले आणि थंडगार खोलीत चारी बाजूंना बघत उभे राहिले.

“कातरवडी हितं हाय म्हनं?”

मॅडमनी खुर्ची दिली, पान पडद्यावर आणलं. तात्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मॅडमनीच मोठ्यानं वाचून दाखवलं. तात्या प्रत्येक ओळीला मान हलवत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, “तू कुनाची गं?”

“पॉइंट्समन बाबूरावांची. नदीकडच्या आळीतली.”

“आरं तिच्या! बाबूरावाची धाकली व्हय तू?” तात्यांनी काठी भिंतीला टेकवली. “तुमचं घर म्हंजे कडंचं. दारात शेवगा.”

“शेवगा न्हाय तात्या, हादगा. आई त्याच्या फुलांची भाजी करायची.”

“शेवगा,” तात्या म्हणाले. “माझी मेंढरं पाला वरबडायची म्हनून तुझी आय मला शिव्या घालायची. माझ्या दारात हादगा, तुझ्या दारात शेवगा. फुलं माझ्याकडनं न्यायची ती.”

मी मॅडमकडं बघत होते. इतक्या वर्षांनी कुणी त्यांच्या आईविषयी बोलत होतं, आणि तेही शिव्यांसकट. विचारायला आता वडील नव्हते, आई नव्हती, झाडही नव्हतं. त्यांनी टेबलावरचं लाटणं उचललं आणि तात्यांच्या हातात दिलं.

“हे काय?”

“हे ज्याच्या हातात, त्याचं चालतं हितं. तुमी सांगा, मी लिहिते.”

तात्यांनी लाटणं दोन्ही हातांनी धरलं आणि सांगायला सुरुवात केली. नदीकडून पहिलं घर कुणाचं, दुसरं कुणाचं, कुठल्या घराला पायऱ्या, कुठल्या घरातलं कुत्रं चावरं. मॅडमची बोटं बटणांवर पडत राहिली. कडेच्या घरापाशी आले तेव्हा तात्या थांबले आणि त्यांच्याकडं बघत म्हणाले, “लिव, तुला हादगा लिवायचा तर हादगा लिव. मला काय.”

“न्हाय तात्या,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ‘शेवगा’ लिहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी साच्यातच एक बदल केला. सगळ्या गावांच्या पानांच्या तळाशी एक ओळ आली: ‘या पानात काही चुकलं असेल तर सांगा. गाव तुमचंही आहे.’

कातरवडीचं पान साइटवर चढलं. डावीकडच्या दुव्यांच्या रांगेत, कळस, काटी यांच्या खालोखाल, कातरवडी. ज्याच्या संगणकात आमचा मराठी फॉन्ट नसे त्याला सगळी नुसती किडामुंगी दिसायची. तरीही लोक बघायचे. कुणाच्या पोराच्या ऑफिसात, कुणाच्या जावयाच्या घरी. सुरतेहून एका बाईंचा फोन आला. आपण कातरवडीत जन्मलो एवढंच त्यांना माहीत होतं, गाव आठवत नव्हतं. त्यांनी मॅडमना फोनवर अख्खं पान वाचायला लावलं. मग वडिलांचं नाव सांगून म्हणाल्या, आमच्या घरापुढं काय होतं ते सांगा. मॅडमनी सांगितलं. फोन ठेवल्यावर त्या उठून व्हरांड्यात गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत.

वर्ष-दीड वर्ष हे असं चाललं. मग संस्थेनं साइटचं काम पुण्याच्या एका कंपनीला दिलं. त्यात कुणाचा दोष नव्हता. काळ बदलत होता, आमची साइट जुनाट दिसत होती. कंपनीचा मुलगा आला, हसतमुख आणि हुशार. त्यांचा साचा इंग्रजीत होता, फार देखणा. गावांची माहिती आपोआप सरकारी यादीतून येणार होती. मॅडमनी त्याला चहा पाजला, सगळ्या फाइली दाखवल्या, आणि शेवटी कातरवडीचं पान उघडलं.

“हे एवढं न्या,” त्या म्हणाल्या.

त्यानं यादीत शोधलं. “मॅडम, हे गाव येतच नाही. याला कोड नाही.”

“पाण्याखाली आहे म्हणून.”

“मग मी काय करू, मॅडम? कोड नसेल तर पान तयारच होत नाही.” तो खरंच ओशाळला होता. “वेगळं एखादं पान करून देऊ का? ‘स्मृती’ वगैरे?”

मी मॅडमकडं पाहिलं. मला वाटलं, आता खोलीत भीमाकाठ उतरणार. पण त्या अगदी कॉलनीतल्या आवाजात म्हणाल्या, “नको. वेगळं नको. असू द्या.”

नवी साइट सुरू झाली त्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. चेअरमन साहेब स्वतः समजवायला आले होते. त्यांना म्हणाल्या, “भावाच्या मुली मोठ्या झाल्या, घरी काम असतं.” जाताना दिलीपच्या पाठीवर हात ठेवला, मला म्हणाल्या, “बोटं सरळ ठेवून टाइप कर, मनगट दुखणार नाही.” बस. निरोपसमारंभाला नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी खोलीत बटणांचा आवाज नव्हता. दिलीप मधेच काम थांबवून दाराकडं बघायचा. मीही. कुणी रागावावं म्हणून एकदा मी चहाचा कप मुद्दाम कीबोर्डशेजारी ठेवला. तो तिथंच निवला.

वालचंदनगरला जाऊन त्यांना भेटायचं, असं आम्ही कितीदा ठरवलं. बागवान सर एकदा जाऊन आले. बऱ्या आहेत म्हणाले. मी गेले नाही. आज, उद्या करत राहून गेलं, जसं राहतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काही कामानं मी भिगवणला गेले होते. परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून पाण्याच्या बाजूला गेले. मासे उतरवून झाले होते, जाळी वाळत घातलेली होती. काठापासून बऱ्याच अंतरावर एक होडी चालली होती. होडीवाला मागं उभा राहून बांबूनं ती ढकलत होता आणि पुढं एक बाई बसली होती, ताठ, उंच. अंबाड्यावरून ओळखलं. हाक मारली, पण वारा माझ्याकडं येत होता.

मॅडम होडीवाल्याला हातानं दाखवत होत्या. हात उजवीकडं झाला, होडी उजवीकडं वळली. थोडी सरळ गेली. हात डावीकडं झाला, होडी डावीकडं वळली. अवतीभवती सगळं सपाट पाणी, कुठंही न वळता जावं असं. पण होडी थांबत होती, वळत होती, पुन्हा सरळ जात होती. एके ठिकाणी मॅडमनी हात वर केला. होडीवाल्यानं बांबू वर घेतला. त्या वाकून पाण्यात बघत राहिल्या.

मी काठावर उभी राहिले. माझी एसटी निघून गेली तरी होडी तिथंच होती.